चूल तापली, दोष कुणाचा?

दिवाळी जवळ आली की घराघरांतून अनारशांच्या पिठाची, चकलीच्या भाजणीची आणि करंजीच्या सारणाची चर्चा सुरू होते. ज्या विस्तवावर हे सारे सिद्ध व्हायचे, त्याची चर्चा मात्र एखादा पदार्थ बिघडल्याखेरीज होत नाही. अनारसा तुपात हसला, किंवा चकली वरून काळी आणि आतून कच्ची राहिली, म्हणजे मग जाळाची आठवण येते. आणि तेव्हासुद्धा घरातल्या मंडळींचे डोळे कढईखालच्या जाळाकडे जात नाहीत. ते थेट करणारीकडे जातात. ‘आच जास्त झाली’ हे वाक्य व्याकरणाने आचेविषयीचे असेल, पण ऐकणारीला त्याचा अर्थ बरोबर कळतो. ते तिच्याविषयी असते.

बुलढाणा जिल्ह्यात राहून इतिहासावर लिहायचे म्हटले तर विषयांना तोटा नाही. जिजाऊंचे सिंदखेडराजा येथे आहे. लोणारचे विवर आणि त्याच्या काठची जुनी देवळे येथे आहेत. असे असता मी चुलीचा विषय काढावा, याचे कोणाला हसू येईल. पण लढाया कधीमधी होत. चूल रोज दोन वेळा पेटे. जे रोज दोन वेळा घडते त्याला इतिहास नसतो, हे म्हणणे मला पटत नाही. मात्र वाचकहो, घाबरू नका. चुलीची सारी कुळकथा मी सांगणार नाही. मला सांगायची आहे ती तिच्या एका दोषाची कथा. चूल नको तेथे आणि नको तितकी तापते, हा तो दोष. मातीच्या चुलीत तो होता, रॉकेलच्या स्टोव्हमध्ये होता, तारेच्या शेगडीत होता आणि आजच्या गुळगुळीत काचेच्या विजेच्या शेगडीतही तो आहे. सोंग बदलले, पण दोष तोच राहिला. आणि त्याचा आळ ज्या माणसावर येतो, तेही बदललेले नाही.

आमच्याकडे घाटावर काय आणि घाटाखाली काय, चुलीत जायच्या त्या मुख्यतः पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. कापूस वेचून झाला की पऱ्हाटीचे भारे घराच्या मागे रचले जात. या सरपणाचे स्वभाव निरनिराळे. तुराटी भस्सकन पेटते आणि तितक्याच घाईने विझते. गोवरी सावकाश धुमसते आणि तासभर ऊब धरते. भाकरीला तुराटी चालेल, पण रोडगे भाजायचे तर गोवरीचा फुफाटाच हवा. कोणत्या पदार्थाला कोणता जाळ हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते हातात होते. जाळ कमी करायचा म्हणजे लाकूड मागे ओढायचे आणि वाढवायचा म्हणजे पुढे सारायचे. भांडे फार तापू नये, करपू नये म्हणून त्याच्या बुडाला राखमातीचा लेप द्यायचा. मुख्य चुलीतून निसटणारी धग वाया जाऊ नये म्हणून शेजारी वैल ठेवायची आणि तिच्यावर वरण शिजत घालायचे. आज ज्याला आपण तापमानाचे नियंत्रण म्हणतो, ते एवढ्या साधनांवर चालत असे.

विस्तव ही तेव्हा शेजाऱ्याकडे मागण्याची वस्तू होती. काडेपेटी महाग, म्हणून गोवरीच्या तुकड्यावर निखारा घेऊन पोरे या घरातून त्या घरात धावत. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातली चिलमीची कथा आमच्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सोनाराने चिलमीसाठी विस्तव द्यायला नकार दिला आणि पुढे काय झाले, ती ही कथा. भाविक तीत चमत्कार पाहतात. इतिहासाचा विद्यार्थी आणखी एक गोष्ट पाहतो: विस्तव मागणे हा रोजचा व्यवहार होता आणि सणाच्या दिवशी तो घराबाहेर जाऊ देणे काहींना अशुभ वाटे.

या चुलीचा दोष कोणता? तिच्या तोंडाशी राख साचली की हवा आत जाईना. मग जाळ भांड्याखाली राहण्याऐवजी बाहेर, फुंकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर येई. भांडे निम्मे तापे आणि स्वयंपाकघर मात्र पुरते तापे. सरपण ओले असेल, वारा उलटा असेल, छपरातून धूर निघायला वाट नसेल. कारणे अशी अनेक होती. पण भाकरी करपली की बोलणे एकच ऐकू येई, ‘हिच्या हाताला चव नाही.’ राख काढण्याने जे सुधारले असते, ते सुनेला बोलून सुधारणार कसे?

हे कोणाच्या ध्यानात आलेच नाही असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रमफर्ड या विक्षिप्त पण बुद्धिमान शास्त्रज्ञाने म्युनिचमध्ये आणि पुढे इंग्लंडमध्ये चुलींचा अभ्यास केला. उघड्या जाळातली बहुतेक उष्णता भांड्यात न जाता भलतीकडेच जाते, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे विदर्भातच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली खेड्यातल्या धंद्यांचा विचार सुरू झाला. तेथून ‘मगन चूल’ पुढे आली. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी, आणि धुराला निघून जायला धुराडे. कल्पना साधी आहे. जाळाला आत यायला वाट हवी, आणि धगीला बाहेर जायलाही वाट हवी. पुढे येणारी सारी कथा या दोन वाटांची आहे, तेवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता स्वयंपाकघरातून जरा बाहेर येऊ आणि खामगावला जाऊ. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो प्रवाशांसाठी नव्हे, कापसासाठी. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते, यावरून त्या काळी वऱ्हाडच्या कापसाचे मोल काय होते ते कळते. कापसापाठोपाठ सरकी काढण्याचे आणि गठ्ठे दाबण्याचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर वाफेचे बॉयलर आले. बॉयलर हीही एक चूलच. फक्त तिच्यावर वरणाऐवजी वाफ शिजते. या चुलीचाही दोष तोच होता. पाणी कमी पडले, ताप वाढला की बॉयलर फुटे.

पण या चुलीच्या बाबतीत फार वेगळी वागणूक दिसते. तिच्यावर वाफेची झडप बसवली जाई. दाब वाढला की ती आपोआप उघडे आणि जास्तीची वाफ सोडून देई. आणखी एक मौजेची योजना असे. बॉयलरमध्ये हलक्या आचेवर वितळणाऱ्या धातूची एक गुडदी बसवीत. पाणी खाली गेले आणि पत्रा वाजवीपेक्षा जास्त तापला, की ही गुडदी वितळे आणि तिच्या भोकातून पाणी आणि वाफ जाळावर पडून धोक्याची सूचना मिळे. स्वतः तापून स्वतःलाच थांबवणारी ही चूल! १९२३ साली देशभरासाठी बॉयलरचा कायदाही झाला. तपासणी आली, दाखले आले. एखादा बॉयलर फुटला तर त्याची चौकशी होई; झडप अडकली होती का, पाणी किती होते, हे विचारले जाई. बॉयलर चालवणाऱ्याच्या हाताला चव नाही, असे कोणी म्हणत नसे.

कापसाच्या विस्तवाला झडप मिळाली, कायदा मिळाला, निरीक्षक मिळाला. भाकरीच्या विस्तवाला यांतले काही मिळाले नाही. त्या बॉयलरच्या धुराड्याच्या छायेत राहणाऱ्या कामकरी बाईच्या घरी चूल मात्र तशीच, राखेने तोंड कोंडलेली राहिली. मला हा विरोध फार बोलका वाटतो. बॉयलर फुटला तर धनिकाचे नुकसान होई. चूल भडकली तर नुकसान होई ते बाईचे, आणि त्याची नोंद ठेवायला वही नव्हती.

यानंतर आला स्टोव्ह. स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने रॉकेलवर जळणारी, काजळी न धरणारी शेगडी बनवली आणि १८९२ च्या सुमारास ‘प्रायमस’ या नावाने ती जगभर निघाली. पितळेची टाकी, तिला पंप, वर बर्नर. ज्या पिढीने स्टोव्ह वापरला तिला त्याचा आवाज आजही ऐकू येत असेल. आधी बर्नरभोवती स्पिरिट जाळायचे, मग पंप मारायचा, आणि छिद्र तुंबले की पिनेने टोचायचे. येथेही पुन्हा त्या दोन वाटा आहेत. वरची वाट तुंबली की रॉकेलची वाफ नीट निघेना; आणि भलेमोठे पातेले वर चढवून बसवले की धग खाली वळून टाकी तापू लागे. टाकी तापली म्हणजे आतला दाब वाढला. टाकीला हवा सोडण्याचा एक स्क्रू असे, तो सैल करून दाब उतरवता येई. जाणत्या बायका भांड्याचा आकार पाहून स्टोव्ह लावीत आणि मधूनमधून टाकीला हात लावून पाहत. गल्लोगल्ली फिरणारा स्टोव्ह दुरुस्त करणारा वॉशर बदलून देई.

पण स्टोव्हच्या इतिहासाचे एक पान काळे आहे आणि सणाच्या अंकातही ते उलटून पुढे जाऊ नये असे मला वाटते. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी एके काळी वर्तमानपत्रांत इतकी नेमाने येई की वाचणारा ती वाचून पान उलटी. त्यांतले काही अपघात खरेच अपघात होते: तुंबलेला बर्नर, तापलेली टाकी, आणि पेटत्या स्टोव्हजवळ लोंबणारा पदर. पण काही वेळा दोष स्टोव्हचा नव्हताच. तो घराचा होता, आणि स्टोव्ह हे नुसते निमित्त म्हणून पुढे केले जाई. अखेर भारतीय दंडविधानात १९८३ साली विवाहितेच्या छळाचे आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम घातले गेले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा अन्य अस्वाभाविक रीतीने गेली आणि त्यापूर्वी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसले, तर आता कायदा प्रश्न विचारू लागला. म्हणजे चुलीचा दोष नीट शोधणे हे केवळ कारागिराचे काम नाही. कधी चूक नसलेल्या बाईवर आळ येतो आणि कधी चूक नसलेल्या स्टोव्हवर. दोन्ही वेळा खरा दोष लपून राहतो.

वीज स्वयंपाकघरात आली तीही मोठ्या थाटाने. ज्या १८९२ साली प्रायमस निघाला, त्याच साली कॅनडात ऑटवा शहरी टॉमस अहर्न या विजेच्या उद्योजकाने एका हॉटेलात सबंध मेजवानी विजेवर शिजवून दाखवली. पुढल्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचे स्वयंपाकघर मांडले गेले. या शेगडीच्या मुळाशी जो नियम आहे तो त्याआधी अर्धशतक सापडलेला होता. इंग्लंडमधल्या जेम्स ज्यूलने १८४० च्या सुमारास दाखवून दिले की तारेतून वीज गेली की तार तापते. आणि वीज दुप्पट केली तर ताप दुप्पट नव्हे, चौपट होतो. हा चौपटीचा हिशेब पुढे आपल्या कामी येणार आहे. पण तापणारी तार लवकर जळून जाई, हीच अडचण होती. १९०६ साली आल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाने निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळवले. लालभडक होऊनही न जळणारी ही ‘नायक्रोम’ तार हाती आली आणि विजेची शेगडी घरात नांदू लागली.

मुंबईला विजेचे वैभव लवकर लाभले. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. आमच्या बाजूला ही गंगा उशिरा आली. महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले, आणि १९६१ साली आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र चालू झाले. खेड्यापाड्यांत आधी दिवा आला, मग पंप आणि मग, हौशी घरांतून, तारेची शेगडी.

चिनी मातीच्या थाळीत नागमोडी खाच आणि तिच्यात स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार, अशी ती शेगडी अनेकांच्या आठवणीत असेल. तिची दुरुस्ती घरोघर होई आणि ती मोठी फसवी असे. तार मध्येच तुटली की दोन टोके ओढून एकमेकांना पिळून टाकायची. शेगडी पुन्हा लाल! घरातला हुशार मुलगा शाबासकी मिळवी. पण तुटका भाग टाकून दिल्याने तार आखूड झालेली असे. आखूड तारेचा विरोध कमी, म्हणून तिच्यातून वीज जास्त आणि ताप जास्त. शेगडी पूर्वीपेक्षा अधिक लाल होई, म्हणून घरचे खूश होत. आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा तुटे. शिवाय पिळलेला सांधा सैल असला तर सगळा ताप त्या एका जागी एकवटे. मग तोच मुलगा म्हणे, ‘आई दूध उतू घालते, म्हणून तार तुटते.’ दुधानेही तार बिघडते हे खरे. पण प्रत्येक तुटक्या तारेमागे दूध नव्हते.

आता अलीकडे येऊ. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवले की बदलत्या चुंबकत्वाने शेजारच्या तारेत वीज उमटते. १८५५ मध्ये फ्रान्सच्या लेआँ फूकोने तशीच वीज धातूच्या तुकड्यात भोवऱ्यासारखी फिरून त्याला तापवते हे सिद्ध केले. या दोन शोधांवर उभी असलेली शेगडी १९७१ साली अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने लोकांपुढे मांडली. हिला आपण इंडक्शन म्हणतो. हिच्यात जाळ नाही, लाल तार नाही. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारी वीज फिरते, आणि वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याचे बूडच तापू लागते. गंमत अशी की हिला तांब्याचे, पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे साधे भांडे चालत नाही. पण आजीच्या चुलीवरचा सपाट बुडाचा जुना लोखंडी तवा ती आनंदाने स्वीकारते. २०१२ साली सवलतीच्या गॅस सिलिंडरांची संख्या वर्षाला सहावर आणण्यात आली, तेव्हा अनेक घरांनी या शेगडीकडे वळून पाहिले.

माझी आत्या मेहकरला एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे, पण हात अजून चालता. तिच्या मुलाने तिला अशी शेगडी आणून दिली आणि काही महिन्यांनी फोनवरून घरात एकच विषय सुरू झाला. शेगडी मध्येच बंद पडते, काचेवर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकतो, वरण अर्धे कच्चे राहते. पुस्तिकेत त्या आकड्याचा अर्थ दिला होता: फार तापली. मंडळींनी त्यावरून निकाल काढला की आईच रिकामे भांडे ठेवून विसरते. आता तिला एकटीला झेपत नाही, दिवाळीनंतर तिला पुण्याला न्यावे. मेहकरचे घर बंद करण्यापर्यंत बोलणे आले होते. पुतण्या जवळ राहतो म्हणून मला जाऊन समजूत घालायला सांगितले. मी गेलो, पण समजूत घालण्याआधी शेगडी पाहावी असे ठरवले.

आत्या म्हणाली, “बाबू, माझं डोस्कं अजून ताळ्यावर हाय. याचंच तापते, अन् बोलणं मले बसते.”

मी म्हटले, “आत्या, तू नेहमीसारखा स्वयंपाक कर. मी नुसता घड्याळ घेऊन बसतो.”

चहा झाला, काही बिघडले नाही. वरण चढवले, बारा-तेरा मिनिटांनी शेगडी थांबली. थांबल्यावरही आतला पंखा घरघरत राहिला. थोड्या विसाव्यानंतर ती पुन्हा लागली, पण या वेळी पाच मिनिटांतच दमली. भांडे बदलून पाहिले, तरी तोच प्रकार. म्हणजे दोष भांड्यात नव्हता, आणि विसरण्याचा तर प्रश्नच नव्हता. वरणात पाणी भरपूर होते. ताप भांड्यातला नव्हता, तो शेगडीच्या पोटातला होता. या शेगडीच्या पोटात वीज झपाट्याने चालूबंद करणारा एक भाग असतो, तोही तापतो. त्याला गार ठेवण्यासाठी पंखा खालून हवा ओढतो आणि मागून सोडतो. एक तापमापक काचेखाली भांड्यावर लक्ष ठेवतो, दुसरा या भागावर. दोहोंपैकी कोणीही कुरकुर केली की शेगडी थांबते.

हे मी आत्याला समजावून सांगत होतो, तेव्हा तिने वाकून शेगडीच्या मागे पाहिले आणि विचारले, “मंग याचं धुराडं कुठं हाय?”

सारे कोडे त्या प्रश्नात सुटले. ओटा नीटनेटका दिसावा म्हणून शेगडीसाठी सुताराकडून एक लाकडी खण करवून घेतला होता. शेगडी त्यात फिट्ट बसली होती. तीन बाजूंना बोटभरही जागा नाही, आणि खाली छानसे रबरी कापड. पंखा जी गरम हवा मागे सोडे, तीच फिरून खाली येई आणि तीच तो पुन्हा ओढी. जन्मभर चुलीची राख काढलेल्या बाईला ते एका नजरेत दिसले. आम्ही शेगडी खणातून काढून मोकळ्या ओट्यावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली, खालचे कापड काढले. वरण पुरते शिजले. त्यावर भाजी झाली, भाकऱ्या झाल्या. शेगडी एकदाही थांबली नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी इतिहासाच्या साधनांशी वागताना शिकलो आहे. तो येथेही उपयोगी पडला. दुसऱ्या दिवशी पिन काढून, शेगडी पुरती गार झाल्यावर, खालच्या जाळीवरचे तेलकट धुळीचे पुटण मऊ ब्रशने काढले. तेव्हा दिसले की पिनेची एक बाजू काळवंडली आहे. शेगडी दोन हजार वॅटची; आपल्या २३० व्होल्टवर ती पावणेनऊ अँपिअरच्या घरात वीज घेते. आणि ती लावली होती दिव्यापंख्याच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला! येथे ज्यूलचा चौपटीचा हिशेब आठवावा. सॉकेट सैल असेल तर त्या एका ठिकाणी ताप साठतो, आणि ही झडप मात्र शेगडीजवळ नाही. तो ताप भिंतीत मुकाट्याने वाढतो. वायरमनला बोलावून सोळा अँपिअरचे सॉकेट आणि जाड तारेची स्वतंत्र जोडणी करून घेतली. शेगडीचे पोट मात्र आम्ही उघडले नाही, आणि वाचकांनीही उघडू नये. पिन काढल्यावरही आतल्या साठवणुकीत काही काळ वीज राहते. ते जाणकाराचे काम आहे.

संध्याकाळी पुण्याचा फोन आला. आत्याने तो माझ्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाली, “सांग त्याले, माय नव्हती तापत, शेगडी तापत होती.” पुण्याला जाण्याचे बोलणे तेथेच थांबले. त्या खणात आता तिने डाळींचे डबे ठेवले आहेत.

या शेगडीकडे पाहताना मला खामगावच्या बॉयलरची आठवण होते. वितळणारी गुडदी जे काम करी, तेच काम आज तांदळाच्या दाण्याएवढा तापमापक करतो. कापसाच्या विस्तवाला शंभर वर्षांपूर्वी जे संरक्षण मिळाले होते, ते आज भाकरीच्या विस्तवाला मिळाले आहे. शेगडी थांबते तेव्हा ती बिघडलेली नसते. काहीतरी बिघडत आहे असे ती सांगत असते. हे सांगणे नवे आहे. मातीच्या चुलीला ते साधले नाही, स्टोव्हला साधले नाही, तारेच्या शेगडीलाही नाही.

पण यंत्र सांगू लागले म्हणून माणूस ऐकू लागतोच असे नाही. काचेवरचा आकडा दिसला तरी आपण आधी चुलीपुढच्या बाईकडेच पाहतो. ती सवय पऱ्हाटीच्या काळापासूनची आहे. यंदाच्या फराळात एखादा घाणा करपला, एखादा अनारसा हसला, तर क्षणभर थांबावे. जाळाला यायला वाट आहे का, धगीला जायला वाट आहे का, हे आधी वाकून पाहावे. तिथे काही सापडले नाही, तर करपलेली चकलीसुद्धा चहाबरोबर वाईट लागत नाही.